रिकामा ठेवलेला खण

देवव्रतसमोर त्याच्या टेबलाला कुणी नावं ठेवली की संपलंच! हे टेबल लाकडाचं नव्हे, डेटाबेसमधलं, म्हणजे नोंदींचा भलामोठा तक्ता. मरोळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत तिसऱ्या मजल्यावर छोटीशी कंपनी; मालक दुसराच, पण पहिल्या दिवसापासून राबणारा देवव्रत. किनाऱ्यावरची मासळीची कोल्ड स्टोरेजं, बर्फाचे कारखाने, सगळीकडे या कंपनीची तापमान मोजणारी यंत्रं बसलेली. प्रत्येक यंत्र दर मिनिटाला एक नोंद पाठवणार आणि सातपाटीपासून थेट मालवणपर्यंतच्या त्या सगळ्या नोंदी येऊन पडणार देवव्रतच्या एकाच टेबलात. आत गरम व्हायला लागलं की तिथल्या माणसाच्या फोनवर अलार्म वाजणार. कित्येक वर्षं झकास चाललं होतं. मग टेबल फुगलं.

फुगलं म्हणजे किती? एखाद्या स्टोरेजचा कालचा आलेख मागवावा, खाली टपरीवर जाऊन चहा पिऊन यावं, तरी स्क्रीनवर चक्र फिरतंच आहे. अलार्म रेंगाळत जाऊ लागले. फोनवर शिव्या यायला लागल्या, आणि कोकणातल्या शिव्या ऐकायला मजा येते म्हणून कुणी त्या सोसत नाही हो! मालक म्हणायचा, "देवव्रत, तुझं टेबल म्हातारं झालं." देवव्रत त्यावर दोन दिवस मालकाशी बोलायचा नाही.

त्यातच वर्सोव्याचं प्रकरण झालं. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात मासळी विकणाऱ्या बायकांची एक सोसायटी आहे. अध्यक्ष कमळताई. ही बाई सरळ, म्हणजे इतकी सरळ की समोरच्याला टोचावं. सोसायटीच्या कोल्ड स्टोरेजची चावी वर्षानुवर्षं तिच्या नवऱ्याकडे, हरेश्वरकडे. मागच्या हंगामाच्या अखेरीला एके दिवशी आतला कॉम्प्रेसर बंद पडला. अलार्म वाजलाच नाही. संध्याकाळी दार उघडलं तर गल्लीतल्या सगळ्या बायकांची पापलेटं, सुरमई, सगळ्याला वास सुटलेला.

देवव्रतने टेबलात पाहिलं. त्या दिवशी पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत वर्सोव्याच्या यंत्राची एकही नोंद नव्हती. यंत्र बंद असल्याचा निरोप तेवढा ऑफिसला आला होता, पण तसे निरोप रोज कुठून ना कुठून यायचे. त्याने सोसायटीला कळवून टाकलं, की यंत्राचा प्लग पहाटे काढला होता आणि दिवसभर कुणी लावलाच नाही. हरेश्वर म्हणाला, "काढलेला. लिलावाच्या टायमाला वजनकाट्याची बॅटरी उतरलेली, त्याला लावायला काढलेला. पन लगेच परत लावला. दर्याची शपथ!"

"मग नोंदी कुठायत?" देवव्रतने विचारलं होतं.

कमळताईने सगळ्या बायकांदेखत नवऱ्याकडून चावी काढून घेतली. "माजा नवरा हाय म्हनून सोडू काय?" म्हणाली. आता नारळी पौर्णिमेआधीच्या मीटिंगमध्ये चावी नव्या माणसाला द्यायची ठरली होती. हरेश्वर तेव्हापासून दुसऱ्यांच्या होड्यांवर जाळी शिवत बसायचा आणि सोसायटीच्या बाजूला फिरकायचाही नाही, असं देवव्रतच्या कानावर आलं होतं. त्याला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण टेबल खोटं बोलत नाही, यावर त्याचा देवापेक्षा जास्त विश्वास होता.

मालकाने शेवटी शर्मिष्ठाला आणलं. राहणारी मुलुंडची, तिशीची, डोळ्यांवर चष्मा, आणि देवव्रतच्या मते भलतीच सावकाश. आल्या आल्या तिने सांगितलं, "सर, पार्टिशन्स करावी लागतील."

पार्टिशन म्हणजे एवढंच: बाहेरून टेबल एकच, नावही तेच, पण आतून त्याचे खण पाडायचे. या महिन्याच्या नोंदी या खणात, मागच्या महिन्याच्या त्या खणात. कुणी कालचं काही विचारलं तर डेटाबेसने एकच खण उघडायचा, बाकीच्यांना हातही लावायचा नाही.

"मला माहितीये पार्टिशन म्हणजे काय," देवव्रत खेकसला. "वेळ मिळाला नाही म्हणून केलं नाही."

हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं, की चालत्या टेबलाला चिरायची त्याला भीती वाटत होती. एक नोंद जरी इकडची तिकडे झाली तर? पण करायचं तर पावसाळ्यातच करायला हवं होतं. मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, स्टोरेजं रिकामी, आणि यंत्रं बिचारी रिकाम्या खोल्यांचं तापमान इमानेइतबारे पाठवतायत. होड्या पुन्हा दर्यात गेल्या की टेबलाला हात लावायची सोय नव्हती.

आणि ही बाई काय करते? कीबोर्डला हातच लावेना! खुर्ची उचलली आणि फोन घेणाऱ्या मुलींच्या शेजारी जाऊन बसली. दिवसच्या दिवस. देवव्रतने कपाळावर हात मारला. "अगं, तू इथे डेटाबेसला आलीस की गप्पांना?"

"लोक टेबलाला काय विचारतात ते ऐकतेय, सर. खण कसे पाडायचे ते त्यावरच ठरणार ना?"

तिने ऐकलं ते असं: निम्मे लोक विचारतात, आत्ता किती आहे. बाकीचे बरेचसे विचारतात, काल काय झालं. आणि एक तारीख आली की सगळे मिळून मागच्या महिन्याचा आलेख मागतात. दोन वर्षांपूर्वीचं कुणीही विचारत नाही.

"मग रोजचा एक खण कर," देवव्रत म्हणाला. "लहानात लहान, म्हणजे फास्टात फास्ट."

तिने वाद घातला नाही. टेबलाची नक्कल काढली, तिच्यात रोजचे खण पाडले आणि त्याला समोर बसवून महिन्याचा आलेख मागवला. खण इतके झाले होते की कुठले उघडायचे हे ठरवण्यातच डेटाबेसची दमछाक होत होती. मग तिने आठवड्याचे खण करून दाखवले, मग महिन्याचे. महिन्याचे बसले. देवव्रतला काही बोलायला जागाच ठेवली नाही पोरीने! आणि त्यात 'बघा, मी सांगितलं होतं' असा एक शब्द नाही.

मग म्हणाली, "आणि सर, महिना आपल्या मध्यरात्री बदलायला हवा. सर्व्हरचं घड्याळ इंग्लंडच्या वेळेवर आहे. तसंच ठेवलं तर एक तारखेचा पहाटेचा लिलाव मागच्या महिन्यात जाऊन बसेल."

देवव्रतने मनातल्या मनात कान पकडले. हे त्याला सुचलं नसतं. तिथून त्याचा सूर बदलला. तो तिच्यामागे उभा राहून बघू लागला, आधी चुका काढायला आणि मग नुसतंच बघायला. पुढच्या महिन्यांचे खण तिने आधीच करून ठेवले. आयत्या वेळी खण नसला तर नोंदींनी जायचं कुठे? ते दर महिन्याला आपोआप तयार करणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला, आणि तो प्रोग्राम झोपला तर बोंब मारणारा दुसरा. जुने खण पुसायचे नाहीत, नुसते बाजूला काढून ठेवायचे, म्हणाली. सगळं नकलेवर करून पाहिलं, आणि गंमत म्हणजे मुद्दाम मध्येच मोडून पाहिलं. मोडल्यावर जुन्या टेबलावर सुखरूप परत कसं यायचं, त्याची तालीम तिने जास्त वेळा केली. देवव्रतने इतक्या वर्षांत हुशार माणसं पाहिली होती. पण स्वतःच्या हुशारीवर इतका कमी भरवसा ठेवून इतकं देखणं काम करणारं माणूस त्याने पाहिलं नव्हतं. त्याला तिचा हेवा वाटला आणि त्या हेव्यातच आनंदही वाटला.

एकाच गोष्टीवरून खटका उडाला. फळ्यावर सगळे खण काढून झाल्यावर तिने शेवटी अजून एक चौकोन काढला.

"हा कसला?"

"ज्या नोंदीला आपला कुठलाच महिना लागू पडत नाही, ती इथे पडेल."

"अशी नोंद येणारच नाही."

"नको येऊ दे. रिकामा राहील."

"रिकामाच राहायचा तर करतेस कशाला?" देवव्रतला उगाच खर्ची पडलेली कुठलीही गोष्ट सोसत नसे.

शर्मिष्ठाने चष्मा पुसला. "सर, मी योजना केली ती मला जे सुचलं त्याची. जे सुचलंच नाही, ते कुठेतरी पडायला हवं की नको? इथे पडलं तर निदान दिसेल तरी."

प्रत्यक्ष काम दिवसाढवळ्या झालं. एकेका महिन्याच्या नोंदी नव्या टेबलात हलवायच्या, जुन्यातल्या आणि नव्यातल्या मोजून ताडून पाहायच्या, मगच पुढचा महिना. घाई नाही, गडबड नाही. शेवटी जेवणाच्या सुट्टीआधी तिने दोन्ही टेबलांच्या नावांची अदलाबदल केली, आणि किनाऱ्यावरच्या एकाही यंत्राला कळलं नाही की आपण आता नव्या घरात नोंदी टाकतोय.

"मागवा सर काहीतरी," ती म्हणाली.

देवव्रतने सातपाटीचा मागच्या महिन्याचा आलेख मागवला आणि सवयीने उठायला गेला. अर्धा उठतोय तोवर आलेख समोर.

"आयला!" तो मोठ्याने ओरडला. फोनवरच्या मुली हसायला लागल्या. त्याने मालवण मागवलं, रत्नागिरी मागवलं, मुरूड मागवलं. लहान मूल दिव्याचं बटण चालू-बंद करतं तसं त्याचं चाललं होतं. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. "शर्मिष्ठा, कमाल केलीस गं. खरंच कमाल."

ती हसली, पण तिचं लक्ष दुसरीकडे होतं. "सर, तो शेवटचा खण रिकामा नाहीये."

हलवाहलवीत कुठल्याच महिन्यात न बसलेल्या नोंदींचा ढीग आत पडला होता आणि सगळ्यांवर तारीख एकच: एक जानेवारी, एकोणीसशे सत्तर. संगणकांची घड्याळं तिथूनच मोजायला सुरुवात करतात. यंत्राचं घड्याळ पुसलं गेलं की त्याला वाटतं, आज तोच दिवस उजाडलाय. जुन्या टेबलात या नोंदी पार तळाशी पडून होत्या. सत्तर सालातलं तापमान कुणी कशाला विचारतोय? इकडच्या तिकडच्या यंत्रांच्या थोड्या होत्या, पण मुख्य ढीग एकाच यंत्राचा होता. शर्मिष्ठाने नंबर वाचला. "हे वर्सोव्याचं कुठलंतरी."

देवव्रतने वाकून नंबर पुन्हा वाचला: कमळताईच्या सोसायटीचाच.

शर्मिष्ठाला हरेश्वरची गोष्ट माहीत नव्हती; ती यायच्या आधीची. ती सहज म्हणाली, "कचराच दिसतोय. पूर्वी एवढं पुसायला दिवस गेला असता, आता खण काढला की झालं. एक कमांड. उडवू का?"

तिने फक्त विचारलं होतं. देवव्रतने 'उडव' म्हटलं असतं तर तिने उडवलं असतं, आणि ते पुन्हा कुणाला कधी कळलं नसतं. त्याला मात्र त्या क्षणी सगळं लख्ख दिसलं. यंत्राचा प्रोग्राम त्यानेच लिहिला होता. मोबाइल डेटाचा खर्च वाचावा म्हणून यंत्राने घड्याळ फक्त मध्यरात्री एकदा जुळवून घ्यायचं, ही काटकसर त्याचीच. प्लग काढून पुन्हा लावला की मध्यरात्रीपर्यंत यंत्र सत्तर सालात. आणि अलार्म बघणार फक्त ताज्या तारखेच्या नोंदी. वजनकाट्याला सॉकेट लागलं की वर्सोव्याचं स्टोरेज त्या दिवसापुरतं वाऱ्यावर! 'मग नोंदी कुठायत?' असं त्याने ज्या तोऱ्यात विचारलं होतं तो तोरा त्याला आठवला आणि तोंडात मारल्यासारखं झालं. पण मालकाला काय सांगणार? सोसायटीने नुकसानभरपाई मागितली तर? सगळ्या किनाऱ्यावर बोभाटा होईल. शर्मिष्ठा उत्तराची वाट बघत होती.

"नको," तो म्हणाला. "हात लावू नकोस. मला सांग, नोंद आली की तिला ओळीने नंबर पडतो ना?"

ती एका क्षणात समजली. तारीख यंत्राची, पण नंबर आपला. नोंद इथे पोचली त्या क्रमाने पडलेला. तिने ढिगातल्या नोंदी नंबराप्रमाणे लावल्या आणि त्यांच्या आगेमागे दुसऱ्या यंत्रांच्या खऱ्या तारखांच्या नोंदी ठेवल्या. मासळी नासली तो दिवस जसाच्या तसा समोर उभा राहिला. पहाटे थोडा वेळ यंत्र बंद. मग पुन्हा सुरू. तिथून मध्यरात्रीपर्यंत मिनिटामिनिटाची नोंद, दुपारनंतर तापमान चढत चाललेलं. हरेश्वरने प्लग लगेच परत लावला होता. तो बोलला त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

देवव्रतने तिला सगळं सांगितलं, स्वतःला कुठेही न वाचवता. तिने त्याला दोष दिला नाही आणि धीरही दिला नाही. "मीटिंग कधी आहे?" एवढंच विचारलं.

"आज. संध्याकाळी."

"मग निघा. मी पण येते. फक्त एक काम करते आधी." त्या शेवटच्या खणात यापुढे एक जरी नोंद पडली तरी ताबडतोब अलार्म वाजेल, अशी व्यवस्था तिने जाण्याआधी केली. मग दोघं रिक्षात बसले.

सोसायटीच्या शेडमध्ये बायका जमल्या होत्या. बाहेर होड्यांना नवा रंग चढला होता आणि त्याचा वास आत येत होता. कमळताई पुढे उभी, चावी तिच्या कमरेला. हरेश्वरही आला होता, पण शेडच्या बाहेर, एका होडीच्या सावलीत बसलेला.

"बोला देवव्रतभाऊ," कमळताई म्हणाली. "आज कशी वाट चुकलात?"

"कमळताई, माझं चुकलं," देवव्रत म्हणाला. त्याने येताना बरंच काही जुळवलं होतं, ते सगळं विसरला. "हरेश्वरभाऊंनी प्लग परत लावला होता. यंत्र दिवसभर चालू होतं, तापमान पाठवत होतं. घड्याळाची चूक होती, आणि ती चूक माझी. मी त्यांच्यावर खोटा आळ घेतला."

शेडमध्ये एकदम सगळ्या बोलायला लागल्या. एकीने तर देवव्रतच्या सात पिढ्या काढल्या, आणि त्याने त्या मान खाली घालून ऐकून घेतल्या. कमळताईने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"कवा समजला ह्यो?"

"आज दुपारी. हिच्यामुळे." त्याने शर्मिष्ठाकडे बोट दाखवलं. "हिने काम केलं नसतं तर मला जन्मात कळलं नसतं."

"तुमी सांगितला नसता तर आमाला पन समजला नसता," कमळताई म्हणाली. देवव्रतकडे तिने एकदा नीट पाहिलं. "नुकसानीचा आपन मग बघू. सोडनार नाय मी तुमाला. आधी ह्यो." आणि ती बाहेर गेली. बायका मागोमाग. होडीपाशी जाऊन तिने कमरेची चावी सोडली आणि नवऱ्यापुढे धरली. "सगल्यांच्यादेखत काढून घेतली, सगल्यांच्यादेखत देते. तू खरा बोललास."

हरेश्वरने चावीला हात लावला नाही.

"चावी राहू दे," तो म्हणाला. "एकच सांग मला. अध्यक्ष म्हनून काढलीस, ते बरोबर केलंस. पन घरात? घरात तुला पन वाटलेला, मी खोटा बोलतोय म्हनून?"

देवव्रतला तिथून पळून जावंसं वाटलं. कमळताई 'नाही' म्हणाली असती तर जमलेल्या प्रत्येक बाईने मान डोलावली असती. कुणाला काय कळणार होतं तिच्या मनातलं?

"हो," कमळताई म्हणाली. "वाटलेला."

हरेश्वर उठला. मांडीवरचं जाळं त्याने बाजूला ठेवलं, पँटीला हात पुसले आणि तिच्या हातातून चावी घेतली.

"खरा बोललीस," तो म्हणाला. "नायतर मी आता तुज्यावर कदी विश्वास ठेवला नसता."

तो सरळ स्टोरेजकडे चालू लागला. कमळताई मात्र होडीला टेकून तिथेच खाली बसली आणि पदर तोंडाशी धरून रडायला लागली. सोसायटीच्या बायकांनी तिला रडताना याआधी कधी पाहिलं नव्हतं. तिच्याजवळ जायचं की नाही हेच त्यांना कळेना, म्हणून शेवटी शर्मिष्ठाच तिच्या शेजारी जाऊन बसली.